गॅलरीतला कुकर

बायको शालन नव्या बोलक्या कुकरशी हसून बोलायला लागली की सातपुत्यांच्या पोटात दुखायचं.

"तो रोज माझा गुडघा कसा आहे विचारतो," ती म्हणायची. "तुम्ही कधी विचारलात?"

"भांड्यांशी बोलतात हल्लीची माणसं! आमच्या काळ्या फोनमधून निदान जिवंत माणूस तरी बोलायचा," टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले सातपुते फणकारायचे.

शेवटी एका दुपारी त्यांनी कुकरचा बोलका भाग काढला, स्पीकरला जुन्या फोनची वायर जोडली आणि रिसीव्हर घेऊन गॅलरीत दडून बसले.

"काय रे, तांदळात पाणी किती घालू?" शालननं कुकरला विचारलं.

"कमी घाल. नेहमी भाताची पेज करतेस," सातपुते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि गुडघ्याला मलम लावलंस का?"

शालन खळखळून हसली. "अगं बाई, भांडतोस की आज! असाच बोलत जा बाबा."

मग दोघं तासभर बोलत बसले. सातपुत्यांना राहवेना. खरं काय ते सांगायला ते हसतहसत स्वयंपाकघरात शिरले.

"अहो, जरा बाहेर फिरून या बघू," शालन वैतागली. "तुम्ही आलात की तो गप्प बसतो."

कुकरकडे खाऊ की गिळू असं बघत सातपुत्यांनी चपला घातल्या.