होकार देणारा पायलट

"हे विमान मी कधी चालवलेलं नाही. आधी प्रशिक्षण, मग प्रवासी. विमा कंपनीचीही तीच अट आहे," कॅप्टन सिक्वेरा म्हणाले.

सूतगिरणीचे मालक दत्ताजीराव खराडे हसले. नवंकोरं विमान झाकून ठेवायला त्यांनी थोडंच घेतलं होतं? "मला पायलट हवाय, मास्तर नको!"

तरुण जयदीप मात्र मुलाखतीत लगेच "जमेल, साहेब" म्हणाला. विमा एजंट कळवळून सांगत राहिली, "याचं प्रशिक्षण झालेलं नाही. काही झालं तर विमा लागू होणार नाही." दत्ताजीरावांनी तिला वाटेला लावलं. "विमा पडणाऱ्यांसाठी असतो, बाई."

पहिल्याच फेरीत सह्याद्रीवर काळे ढग दाटले आणि विमानाला जोराचा दणका बसला. दत्ताजीराव धडपडत पुढे गेले. जयदीपसमोर लाल दिवा लुकलुकत होता. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"कसला दिवा तो?"

"तेच बघतोय, साहेब."

डावीकडचा पंखा फिरायचा थांबला. दत्ताजीराव कसेबसे जागेवर परतले. शेजारी झोपलेली त्यांची पत्नी जागी झाली. "पोचलो का हो?"

त्यांनी तिचा पट्टा आवळला. "आलंच आता," ते म्हणाले आणि तिच्या खिडकीचा पडदा त्यांनी ओढून घेतला.