सातवा मुद्दा

"साहेब, माईकला टिचक्या मारू नका. त्याचे कान फुटत नाहीत, माझे फुटतात."

घड्याळसाहेबांनी बोट मागे घेतलं. शिष्टाचार विभागाचे हे अधिकारी दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघायचे, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

दालनातली ध्वनियंत्रणा तिच्याकडे होती. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बारा-बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे माईक आणि हेडफोन. मागच्या भिंतीशी दुभाष्यांच्या दोन केबिन, गडद काचांच्या. शेजारी पडद्याआड तिचं टेबल. पलीकडच्या देशाचे अध्यक्ष युद्धानंतर पहिल्यांदाच बोलणी करायला येत होते. ते काय म्हणाले हे त्यांचेच दुभाषी आपल्या भाषेत सांगणार होते, आणि त्यातला शब्द न् शब्द तिच्या कानावर पडणार होता.

"सातवा मुद्दा आज येईल ना, साहेब?"

"चौथ्यांदा विचारताय, बाई. वेळ उरला तर येईल. आधीचे सहा पाण्याचे आणि व्यापाराचे आहेत, आणि पाहुण्यांना बोलायची भारी हौस."

सातवा मुद्दा एका ओळीचा होता. युद्धात बेपत्ता झालेले एकतीस सैनिक. यादीत एकोणिसावं नाव तिच्या नवऱ्याचं होतं. ज्याचं माणूस यादीत आहे, त्याला या बैठकीच्या कामावर घ्यायचं नाही असा नियम होता. साहेबांनी त्याकडे कानाडोळा केला होता, आणि त्याबद्दल ती त्यांच्या सात टिचक्या माफ करायला तयार होती.

नवरा बिनतारी संदेश विभागात होता. आजोळ सरहद्दीवरचं, त्यामुळे पलीकडची भाषा त्याला लहानपणीच आलेली. चौकीवर बसून तो शत्रूचं बोलणं ऐकायचा. तिथून त्याने एक कॅसेट पाठवली होती. "आई, इथे दिवसभर यांच्या गप्पा ऐकतो. त्यांच्या स्वयंपाक्याचं लग्न ठरलंय, मलाच आनंद झाला," असं काहीबाही त्यात होतं. सासूबाई अकरा वर्षं रोज सकाळी सातला ती लावायच्या. घासून घासून आवाज पुसट झाला, तेव्हा तिने कामावरून नवी प्रत करून आणली होती.

आज सकाळी सासूबाईंनी कॅसेट बंद करून तिचा हात धरला.

"आहे म्हणाले तरी चालेल, नाही म्हणाले तरी चालेल. पण कोणीतरी एकदा स्पष्ट सांगू दे, बाळा. नीट ऐकून ये."

"ऐकते, आई. माझं कामच ते आहे."

पाहुण्यांचे दोन दुभाषी मागच्या दाराने आले आणि केबिनमध्ये शिरले. एक चुणचुणीत बाई, दुसरा पिकल्या केसांचा, वाकून चालणारा माणूस. अर्ध्या तासाने आळीपाळीने बोलायचं, अशी या कामाची पद्धत. तिने बटण दाबलं.

"नमस्कार. आवाज तपासायचाय. दोघांनीही दहापर्यंत आकडे म्हणा."

बाईंनी खणखणीत म्हटले. दुसऱ्या माईकवरून काहीच येईना.

"ऐकू येतंय का तुम्हाला?" तिने पुन्हा विचारलं.

बराच वेळ गेला. मग दोन टिचक्या वाजल्या. हाही साहेबांच्याच पंथातला, म्हणत तिने कपाळावर हात मारला आणि वहीत बरोबरची खूण केली.

बोलणी सुरू झाली. पाणी लांबलं, व्यापार त्याहून लांबला. अर्धा तास झाला, तरी बाईच बोलत होत्या. काचेआड त्यांनी जोडीदाराला खुणावलेलं तिला अंधुक दिसलं. त्याने मान हलवली. पाऊण तास झाला, तासही उलटला. बाईंचा घसा बसत चालला होता. साहेबांची नजर घड्याळावरून हलत नव्हती आणि तिची साहेबांवरून.

अखेर टेबलाच्या अलीकडून आपल्या मंत्र्यांनी कागद उलटला. "आता सातवा मुद्दा."

मंत्र्यांनी एकतीस नावं वाचली. एकोणिसाव्याला तिने डोळे मिटून घेतले. नावं संपता संपता बाईंना खोकल्याची ढास लागली. काही केल्या थांबेना. त्यांचा माईक बंद झाला आणि शेजारच्या माईकचा लाल दिवा लागला.

अध्यक्ष बोलू लागले. हेडफोनमध्ये मात्र शांतता. अध्यक्षांचं वाक्य संपलं, तरी शांतता. चोवीस डोकी केबिनकडे वळली. साहेब हातवारे करून विचारू लागले, आवाज कुठंय? तिने घाईघाईने बटणं तपासली. माईक चालू होता. नीट कान दिल्यावर श्वासही ऐकू येत होता.

आजच्याच दिवशी, आत्ताच हा माणूस गप्प का बसावा, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. तिने बटण दाबलं. "बोला हो. पाया पडते तुमच्या, बोला."

दोन टिचक्या वाजल्या.

"अत्यंत खेदाने सांगतो," दुभाष्या सावकाश म्हणाला, "त्या एकतीस जणांपैकी आज एकही जिवंत नाही."

शब्द कळायच्या आधी तिला आवाज कळला. रोज सकाळी सात वाजता तो सासूबाईंच्या खोलीतून येत असे.