काळ्या पाण्याची चौकशी

“आन् उलटी झाली तं?” देवकाबाईनं विचारलं.

“होईलच. पयल्या दिवशी सर्व्याइले होते,” यादोराव म्हणाला. “खालच्या पाण्याकडे पाहाचं नाही. दूर, आभाळ पाण्याले टेकते तिथं पाहाचं. लिंबू चोखाचं. आन् पोट रिकामं ठेवाचं नाही. मुरमुरे, फुटाणे, काहीतरी टाकतच राहाचं.”

समुद्र पाहिलेला यादोराव हा कामठ्यातला एकटाच माणूस. कलकत्ता-रंगून जहाजाच्या भटारखान्यात त्यानं अकरा वर्षं काढली होती. लढाई संपल्यावर तो गावात परतला, तेव्हा दोन महिने लोकांनी त्याच्या गोष्टी ऐकल्या. मग धानाची रोवणी लागली आणि समुद्र विसरला गेला. आता दहा वर्षांनी कोणीतरी विचारत होतं. उत्तरं देता देता त्याच्या हातातली सुतळी कातायची राहून जायची.

देवकाबाईचा एकुलता एक मुलगा सेवकराम सहा वर्षांपूर्वी अंदमानला गेला होता, लाकडाच्या कारखान्यात. मागच्या आठवड्यात त्याचं पत्र आलं. ते यादोरावनंच वाचून दाखवलं होतं. आईनं इकडे यावं, खाण्याची फार आबाळ होते. एका माणसाच्या भाड्याची मनीऑर्डरही मागोमाग आली.

गावात गलका झाला. स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली होती, तरी गावाच्या लेखी अंदमान म्हणजे काळं पाणीच. तिथं कैदी जातात. घरची बाई आपल्या पायानं जात नाही. देवकाबाईचा दीर बकाराम दारात येऊन ओरडून गेला. देवकाबाई म्हणाली, “मी तुले इचारलं का?” आणि दुपारी पुन्हा यादोरावच्या ओसरीवर येऊन बसली. सोबत तिची सून प्रेमिला. सेवकराम गेला तेव्हा तिच्या लग्नाला तीन महिने झाले होते. ती खांबाआड बसून खालमानेनं ऐकायची. बोलायची नाही.

“निजाचं कोठी?”

“जहाजाच्या मंधात. तिथं हेलकावा कमी. इंजिनाजवळ नाही, तेलाच्या वासानं जीव घाबरते. लवकर चढाचं आन् चटई टाकून जागा धराची.”

“आंघोळ?”

“खारं पाणी भेटते. साबणाले फेस येत नाही. केस धुवाचेच नाहीत.”

“आन् जिने?”

“उतरतानी तोंड जिन्याकडे ठेवाचं, पाठ नाही. लुगडं आवरून.”

हे सगळं ठीक होतं. पण चौथ्या दिवसापासून प्रश्न जरा निराळे यायला लागले.

“एकटी बाई असली तं कोणाच्या आडोशानं बसाचं?”

“लेकुरवाळ्या बाया पाहाच्या. त्याइच्या घोळक्यात बसाचं. एखादीचं लेकरू मांडीवर घेतलं का झाली ओळख.”

“आन् ज्या बाईले मागाले लाज वाटते, तिले प्याचं पाणी कसं भेटन?”

यादोरावला हसू आलं. गोंदियाच्या बाजारात, भर गर्दीत, व्यापाऱ्याला धान दुसऱ्यांदा मोजायला लावणारी ही बाई. हिला लाज?

“कायले हासतं? सांग ना गा!”

“पाणीवाल्याले पयल्याच दिवशी भाई म्हणाचं. ‘भाई, मीठा पानी दे दो.’ तिकडे हिंदीच चालते.”

देवकाबाईनं ते तीनदा म्हणून पाहिलं.

“नाही जमलं तिथं, तं वापस येता येते?”

भ्याली, यादोरावला वाटलं. त्याला तिची कीव आली. “येते ना बाई. जहाज दोन्हीकडून चालते.”

मंगळवारी सकाळी त्यानं बैलगाडी जुंपली आणि दोघींना गोंदिया स्टेशनवर आणलं. हावड्याला रेल्वेत खलाशी असलेला गावचा छोटेलाल बायकोला घेऊन सुटीवरून परत चालला होता. जहाजावर तोच बसवून देणार होता. कलकत्ता मेल आली. छोटेलाल डब्यात चढला, त्याची बायको चढली. मागोमाग, डोक्यावरचा पदर घट्ट धरून, प्रेमिला चढली. देवकाबाईनं खिडकीतून तिच्या हातात पेटी दिली, गाठोडं दिलं, लिंबं दिली.

“आता तुमी चढा ना बाई,” यादोराव घाईनं म्हणाला. “शिटी झाली!”

देवकाबाई हलली नाही. गाडी हलली. प्रेमिला खिडकीत रडत होती, पण उतरायला उठली नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर यादोरावला वाचा फुटली. “हे काय केलं बाई? पोरीले धाडलं? काळ्या पाण्यावर?”

“तिले इचारून धाडलं. ‘जाईन’ म्हणे, ‘पण मले तिथचं काही मालूम नाही.’ म्हणून तुह्या ओसरीवर आठ दिवस बसली मी. आंधीच सांगतलं असतं, तं तू आन् बकाराम दोघंही आडवे झाले असते.”

यादोरावला कबूल करावं लागलं. तो आडवा झालाच असता.

“मंग आता सेवकरामले तारेत काय लिहू?”

“लिही, आज निंगाली, बोटीवर घ्याले ये.”

“कोण निंगाली म्हणून लिहू?”

देवकाबाईनं रुळांकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि बैलगाडीकडे चालू लागली.

“सहा वर्षांच्या कागदात त्यानं तिचं नाव एकदा नाही लिहिलं. आता आपण कायले लिहाचं?”