विसांतले दहा

"रोगाचं उदाहरण नको, बाई. कॉपीचं घ्या," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि निम्म्या वर्गाच्या माना खिडकीकडे वळल्या.

खिडकीपाशी चष्मेवाली बसली होती. उत्तरपत्रिका एकमेकींशी ताडून पाहणारा एक प्रोग्रॅम कॉलेजनं यंदा घेतला होता आणि त्यानं सहामाहीत वीस जणांवर कॉपीचा ठपका ठेवला होता. या वर्गातली ती एकटीच. आज चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत सगळ्यांत आधी तिची सुनावणी होती. ठपका पक्का झाला की वर्ष गेलंच म्हणून समजा. आठवडाभर ती एकच वाक्य बोलत होती, "मी नाही केली." आणि आठवडाभर तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं.

नेमका सुनावणीच्या आधीचा तास संख्याशास्त्राच्या उजळणीचा आला. शिकवणाऱ्या बाईंना मुलं टक्केबाई म्हणत. बंद पडलेला पंखा आज दुरुस्त होईल का, असं विचारलं तरी त्या "चाळीस टक्के" म्हणून मोकळ्या होत. तो प्रोग्रॅम कॉलेजात आणला होता त्यांनीच. तो शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर असतो, तेव्हा पकडलेला नव्याण्णव टक्के चोर, असं समितीला छातीठोकपणे सांगितलं होतं तेही त्यांनीच.

"बरं, कॉपीचं घेऊ," टक्केबाई म्हणाल्या. नाही म्हटलं असतं तर ते आणखी वाईट दिसलं असतं. त्यांनी खडू उचलला.

"धरून चाला, हजार मुलं आहेत. त्यांतली दहा कॉपी करतात आणि प्रोग्रॅम दहाच्या दहा पकडतो. राहिली किती?"

"नऊशे नव्वद."

"त्यांनी काहीच केलेलं नाही. पण प्रोग्रॅम शंभरात एकदा चुकतो. मग त्यांच्यातल्या किती जणांवर फुकटचा आळ येईल?"

"दहा," पहिल्या बाकावरून उत्तर आलं. "जवळजवळ दहा."

बाईंनी दहाच्या खाली दहा लिहिले आणि बेरीज मांडली. वीस.

"म्हणजे पकडलेल्या विसांत दहा चोर आणि दहा साव. दर वर्षी मुलं इथंच आपटतात. यंत्र किती बरोबर, हा एक प्रश्न. पकडलेला माणूस किती दोषी, हा निराळा. पेपरात हे दोन प्रश्न एक केलेत, तर मी..."

"बाई," पहिल्या बाकावरची मुलगी जपून म्हणाली, "आपल्या कॉलेजातही मुलं हजारच आहेत. आणि पकडलीत वीस."

टक्केबाई फळ्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षं हा धडा शिकवणाऱ्या बाईंनी समितीपुढे जाऊन नेमकी तीच चूक केली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. खिडकीकडे बघायचं त्यांना धैर्य झालं नाही. चार वाजायला आले होते.

प्राचार्यांच्या खोलीत चष्मेवाली आईला चिकटून बसली होती. आई कामावरून तशीच आली होती, गळ्यातलं ओळखपत्रही काढलेलं नव्हतं.

"माझी मुलगी नाही म्हणाली ना, मग नाही," आई म्हणाली. "पुढचं तुम्ही बघा."

प्राचार्यांनी टक्केबाईंकडे पाहिलं. "सांगा, मॅडम. नव्याण्णव टक्के, बरोबर?"

"नाही. मी चुकले, सर." बाई पुढे बोलत राहिल्या. "या विसांतले निम्मे निर्दोष असू शकतात. कोणते, ते प्रोग्रॅमला ठाऊक नाही आणि मलाही नाही. याच्या भरवशावर शिक्षा दिलीत तर सुक्याबरोबर ओलंही जळेल."

"महिनाभर आम्ही तुमच्या शब्दावर चाललो. आता हे बाहेर गेलं तर हसं होईल. आधी तुमचं."

"होऊ दे. पहिल्या वर्षाच्या मुलानं ही चूक केली असती तर मी त्याला शून्य दिलं असतं."

प्राचार्यांनी वीस नावांची यादी पुढे ओढली. रागावलेले तर ते होतेच, पण बाईंचं म्हणणं खोडता येण्याजोगं नव्हतं. ते म्हणाले, "दुसरा पुरावा नाही. वीसही जणांना सोडावं लागेल. जा, बाळ. चांगला अभ्यास कर."

आईचा बांध फुटला. एका हातानं डोळे पुसत तिनं दुसऱ्या हातानं मुलीला उठवायला घेतलं. "म्हटलं नव्हतं मी? माझी पोर खोटं बोलायची नाही."

टक्केबाईंना एकदम हलकं वाटलं. वीस वर्षांची अब्रू गेली खरी, पण एका पोरीचं वर्ष वाचलं होतं.

चष्मेवाली उठली नाही. तिनं आईचा हात हळूच सोडवला. आधी ती टक्केबाईंकडे बघत राहिली, मग प्राचार्यांकडे वळली.

"सर, सगळे मला चोर म्हणत होते तोवर खोटं बोलणं सोपं होतं," ती म्हणाली. "कॉपी मी केली होती."