गिटार खाली का जाते

"पुन्हा गेली खाली," ती म्हणाली.

काकांनी गाणं थांबवलं. सकाळपासूनचा हा चौथा कॉम्प्रेसर. पहिला फार घाईचा निघाला, दुसरा फार आळशी. तिसरा लावला तर तिचे बाबा रजईत बसून गिटार वाजवताहेत असं वाटायला लागलं. तसं कॉम्प्रेसरचं काम साधंच. मोठा आवाज दाबायचा, म्हणजे बारीक आवाजालाही पुढे येता येतं. पण काकांच्या संगणकात असे तीसएक भरलेले होते आणि एकाचा स्वभाव दुसऱ्याला नव्हता. त्यापेक्षा जावई शोधणं सोपं, असं काकांचं मत होतं.

गाणं दहा वर्षांपूर्वीचं. याच खोलीत, एका दुपारी, बापलेकींनी समोरासमोर बसून एका दमात रेकॉर्ड केलेलं. एका माइकवर ती, दुसऱ्यावर बाबांची गिटार. मग ती नोकरीसाठी परगावी गेली आणि गाणं तसंच पडून राहिलं. आता बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा चष्मा तिच्याकडे होता, दोन स्वेटर होते, खंडीभर फोटो होते. त्यांच्यासोबत गायलेलं मात्र एवढंच.

आणि त्यातही ती गायला लागली की बाबा नाहीसे होत. मधल्या जागांमध्ये गिटार अगदी कानाशी वाजे. तिची ओळ सुरू झाली, की शेजारच्या खोलीत निघून जाई.

"तुझा आवाज गिटारच्या माइकमध्येही शिरलाय," काका म्हणाले. "कॉम्प्रेसरला काय कळतंय तू कोण आणि गिटार कोण? आवाज वाढला की दाब, एवढंच त्याला ठाऊक. तुझ्यापायी बिचारी तीही दबते."

"मग काढूनच टाका ना तो."

"आणि मधल्या जागा? कानठळ्या बसतील. तुझा बाप वाजवायचा कसा, विसरलीस?"

काका वीस वर्षं बाबांच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होते. खांदे दुखायला लागले तेव्हा त्यांनी हा स्टुडिओ थाटला. त्यांच्या तोंडून बाबांना नावं ठेवलेली तिला चालत. इतर कोणाच्या नाही.

उद्या अकरा वाजता दुसरा गिटारवाला येणार होता. आज जमलं तर ठीक, नाहीतर बाबांची गिटार काढून त्याची घालायची, असं तिनंच ठरवलं होतं. रागानं ठरवलं होतं. ती लहानपणापासून तासन्‌तास गायची आणि बाबा पेपर वाचत बसायचे. "ऐकलंत का?" विचारलं की "हं". चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. त्या "हं"चा अर्थ लावता लावता तिचं निम्मं आयुष्य गेलं. आता निदान या एका गाण्यात तरी ते तिला शेजारी हवे होते, बरोबरीनं वाजवणारे. तिथेही ते उठून जाणार असतील, तर मग नकोतच.

काकांनी पाचवा कॉम्प्रेसर लावला. डोळे मिटून बटण हळूहळू फिरवलं.

"आता?"

"थोडं बरं वाटतंय."

"आणि आता?"

"हो, आले जरा पुढे."

काका खुलले. आणखी दहा मिनिटं त्यांनी तेच बटण केसभर इकडे, केसभर तिकडे केलं. तिसरं कडवं आलं आणि गिटार पुन्हा गेली. काकांनी चष्मा डोक्यावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, हा बंदच आहे! लावला, पण चालूच केला नाही. दहा मिनिटं मी बंद मशीनचे कान पिळतोय आणि तू म्हणतेस बरं वाटतंय!"

दोघंही पोट धरून हसली. या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून होते आणि प्रत्येक जण ती लपवतो. मग तिचं हसू एकदम थांबलं.

"काका, हा बंद आहे तर गिटार खाली का जातेय?"

काकांनी एकेक करून सगळं तपासलं. कुठेच काही चालू नव्हतं. दहा वर्षांपूर्वी माइकनं जे ऐकलं, तेच आणि तेवढंच वाजत होतं. त्यांनी नुसती गिटार लावली आणि तिसरं कडवं दोनदा ऐकलं.

"मशीन नाही," ते म्हणाले. "हात आहे."

"म्हणजे?"

"हळू वाजवतोय तो. मुद्दाम. तू आलीस की हात आवरतोय." काकांनी गिटार थांबवली. "वीस वर्षांत किती गायक त्याच्या हातापाया पडले, अरे, जरा हळू वाजव म्हणून. म्हणायचा, ज्याच्या गळ्यात दम असेल तो ऐकू येईल. एकासाठीही कमी केलं नाही त्यानं."

तिनं गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. पहिल्या कडव्यात बाबा थोडे हळू झाले. दुसऱ्यात आणखी. तिसऱ्यात तर नुसती बोटांची टोकं तारांना लागत होती. त्यांच्यासमोर तिचा स्वतःचा आवाज कडव्यागणिक चढत गेला होता. तिसऱ्यात तो पार फाटायच्या बेतात होता.

"उद्याच्या माणसाला काय सांगू?" काकांनी विचारलं.

"येऊ नको म्हणावं." तिनं डोळे पुसले. "मला गाता यावं म्हणून ते हळू होत गेले, काका. आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडत गेले."