तांबडीचे एकवीस दिवस

तांबडी कोंबडी खुडूक बसली, त्याच दिवशी रहिमाबीनं ठरवलं की हिला आपल्या घरी बसवायची नाही, शेजारच्या गोजरबाईच्या गोठ्यात बसवायची.

खाटेवरूनच तिनं सुनेला, सबीहाला, पाटीत भुसा भरायला लावला आणि त्यावर अकरा अंडी मांडून घेतली. निमित्तही तयार होतं. आमच्या घरामागं मांजर फिरून राहिलं, तुमच्या गोठ्याला दार आहे, तेवढे एकवीस दिवस कोंबडी ठेवून घ्या, असं सांग म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं. पोळ्यानंतर आठच दिवसांत गोजरबाईचे मालक रामकिशन गेले. बैल विकले, गव्हाण रिकामी पडली. मुलगा हरीश नोकरीला पुण्यात. डोंगरकड्याच्या त्या गल्लीत दोघींची चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून गेली होती, पण आता चार महिने झाले तरी पलीकडून भांड्याचा आवाज येईना. चूल पेटली तर एकदा, नाहीतर तीही नाही. बाई अशीच झिजून जाईल, तिच्यामागं काहीतरी जित्राब लावून दिलं पाहिजे, असं रहिमाबीला वाटे. स्वतः जाऊन चार शब्द बोलावेत तर दिवाळीत पडल्यापासून गुडघा साथ देत नव्हता. खाट बरी वाटायची. चहा, जेवण, सगळं सबीहा तिथंच आणून देई.

सबीहा पाटी घेऊन गेली ती तासाभरानं परतली. काय म्हणाल्या, असं विचारल्यावर "ठेवून घेतली" एवढंच बोलली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. कोंबडी दाण्याला तोंड लावत नाही, येऊन बघा. रहिमाबीनं खाटेवरूनच सांगितलं की खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, तिला तिच्या मनानं राहू द्या. गोजरबाईला ते पटेना.

"मला त्यातलं काय कळतंय? आमच्या घरात चाळीस वर्षांत अंडं आलं न्हाई. मेली तर पाप लागंल मला. तुमी या."

रहिमाबीला मनातून बरं वाटलं. औषध लागू पडत होतं. सबीहाच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी, अशी ती निघाली. भिंतीला वळसा घालून जायचं म्हणजे चाळीसेक पावलं, पण वाटेत दोनदा टेकावं लागलं. गोठ्यात तांबडी गव्हाणीत अंग फुगवून बसली होती. बाजूला गोजरबाई पदर डोक्यावर घेऊन उभी होती, अंगणापलीकडं कित्येक दिवसांत न आलेली. डोळे खोल गेले होते.

मग रोजचंच झालं. अंडी उलटीपालटी करायची का? पाण्यात हळद घालायची का? तांबडी अंगावर येते, ती का? गोजरबाईचं अडाणीपण संपत नव्हतं, आणि रहिमाबीला ते समजावून सांगण्यात गोडी वाटू लागली. आठव्या दिवशी दोघींनी गोठ्याचं दार लावून मोबाईलच्या उजेडात अंडी धरली. आत लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन अंडी रिकामी निघाली. गोजरबाईनं ती बाजूला काढून ठेवली. मग म्हणाली की मालक गेल्यापासून या गोठ्यात पाऊल टाकवत नव्हतं. रहिमाबीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. रहिमाबीचे मालक नासेर जाऊन दोन वर्षं झाली होती. तिलाही त्या दिवशी खूप बोलावंसं वाटलं, आणि ती बोलली.

थंडी वाढली तेव्हा गोजरबाईनं रामकिशनचं घोंगडं पेटीतून काढलं आणि गव्हाणीच्या भोवती लावलं. आता तिच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटायची. रहिमाबी गेली की चहा व्हायचा, कधी ज्वारीची गरम भाकरी. जाताना सबीहाला हाक मारायचं रहिमाबी विसरू लागली.

एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं बाहेर आली. नववं अडकलं. अंड्याला भोक पडलं होतं, चोच दिसत होती, पण पुढं सरकेना. रहिमाबीला हात लावायचा धीर होईना. गोजरबाईनं अंडं घेतलं, कोमट पाण्यात बोट बुडवून कडा ओली केली आणि नखानं कवच थोडंथोडं उकललं. रक्ताचा ठिपका दिसताच थांबली. पुन्हा तांबडीच्या पोटाखाली सरकवलं. दुपारपर्यंत नववंही चिवचिवायला लागलं. आपण हिला चांगलं शिकवलं, असं रहिमाबीच्या मनात येऊन गेलं.

पुढं पिल्लं अंगणात हिंडू लागली. घार फिरली की आधी गोजरबाई धावायची आणि मागोमाग रहिमाबी. काठी कुठं राहिली याची तिला आठवणही नव्हती.

महिनाभरानं कळमनुरीकडून गोजरबाईची थोरली बहीण, रुख्मिणीबाई, भेटायला आली. तिघी अंगणात बसल्या. बहिणीची तब्येत सुधारलेली बघून रुख्मिणीबाईचा जीव भांड्यात पडला. रहिमाबीनं मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. बाईला कोंबडीतलं ओ का ठो कळत नव्हतं, हे अंडं कसं धरायचं इथपासून आपण शिकवलं.

रुख्मिणीबाईनं बहिणीकडं पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"हिला? आमच्या माहेरी दीडशे कोंबड्या व्हत्या, रहिमाबी. लगीन होईस्तोवर हीच खुडूक कोंबड्या बसवायची. पिल्लू अडकलं की सगळं गाव हिलाच बोलवायचं."

रहिमाबी गोजरबाईकडं वळली.

"मग मला रोज काहून बोलावलं तुमी?"

गोजरबाईनं पिल्लांपुढं मूठभर कणी टाकली.

"पाटी घेऊन आली त्या दिशी सबीहा माझ्यापाशी बसून लई रडली. म्हणली, मावशी, कोंबडीचं निमित्त मीच अम्मीच्या कानावर घातलं. काहीबी करा, पर त्यान्ला खाटेवरून उठवा."