कॉलनीवाले
अमेरिकेचं सुरुवातीचं साहित्य म्हणजे जहाजातून उतरलेल्यांच्या डायऱ्या आणि प्रवचनं, असं प्राचार्यांनी ठरवून टाकलं होतं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांवर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून त्या कथा असलेली इंग्रजीच्या पुस्तकाची पहिली पानं त्यांनी अकरावीच्या मुलांकडून पिना मारून बंद करून घेतली होती. विनिता मॅडमची नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्यांनी निमूट जहाजापासून सुरुवात केली. “या लोकांनी किनाऱ्यावर कॉलनी वसवली.” शेजारच्या सुकापूर गावातली संजना उठली. “मॅडम, कॉलनीवाले आले, मंग गाववाले कुठं गेले?” गावांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या नवीन पनवेलच्या सोसायट्यांतली मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. तेवढ्यात प्राचार्य दारात आले. “पोर्शन कुठवर आलाय?” मॅडमनी त्यांच्यादेखत नखानं पिन उचकटली. “चुकीच्या पानावरून सुरू केला होता, सर.” त्या वर्गाकडे वळल्या. “पिना काढा. संजना, गाववाले पहिल्या पानावर आहेत. मोठ्यानं वाच.”